न धुतलेलं लुगडं

"लुगडं धुऊन आणू नकोस. खरं दिसलं पाहिजे."

बाई हे भर वर्गात म्हणाल्या. नववीचा वर्ग. मी उभी होते. हो बाई, म्हटलं. पोरं हसली. मीही हसले. आपल्यावर कुणी हसलं की आपणही हसायचं, अशीच तेव्हा सवय होती.

लुगडं माझ्या आईचं. आई मिठागरावर पाट्या वाहायची. आमच्या आचोळे गावाच्या पलीकडं तेव्हा खाडीपर्यंत मिठागरंच होती. आईकडं दोन लुगडी. एक अंगावर, एक दोरीवर. बाईंना हवं होतं ते अंगावरचं. घामाचं, काठाला मिठाचे पांढरे वळ आलेलं.

शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी बाईंनी स्वतः नाटक लिहिलं होतं. त्यात एक मीठवाली. मोठ्या घरात मीठ विकायला येते, काहीतरी वेंधळेपणा करते, सगळे हसतात, ती जाते. सगळ्यात जास्त टाळ्यांचं काम तेच.

मला ते काम हवं होतं. जिवापाड हवं होतं.

नाटक माझ्यात कुठून आलं मला ठाऊक नाही. घरात पुस्तक नव्हतं. पण सुट्टीत आईची भाकरी घेऊन मिठागरावर गेले की बाया म्हणायच्या, मुकादम कर गो. मी मुकादम करायचे. पोट पुढं, हात मागं, एक डोळा पाट्यांवर, एक बायांवर. मग एसटीचा कंडक्टर. मग छत्री धरून बांधावरून येणारा मालक, धोतराला चिखल लागू नये म्हणून बगळ्यासारखा पाय उचलणारा. बायांना घास गिळवेना. आई सगळ्यात जास्त हसायची. रस्त्यानं जाताना मी कुणाच्याही मागं त्याच्यासारखी चालायचे. पकडली गेले की मार खायचे.

आईची नक्कल मात्र मी कधी केली नव्हती. पहिल्यांदा केली ती बाईंसमोर. काम मिळावं म्हणून.

मिठात राबून टाचा फुटतात. भेगेत खारं पाणी गेलं की आग होते. म्हणून आई टाच टेकत नाही. पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालते. गुडघे फाकलेले, कंबर एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. मान मात्र ताठ, कारण डोक्यावर पाटी. मी ते सगळं करून दाखवलं. बाई खूश झाल्या. मग मागं वळून म्हणाल्या, शुभा, नीट बघून घे.

शुभा म्हणजे मिठागराच्या मालकाची मुलगी. माझ्याच वर्गात. काम तिला आधीच दिलेलं होतं. मला फक्त दाखवायला बोलावलं होतं.

मी धीर करून विचारलं, बाई, मी करू का हे काम? बाई चिडल्या नाहीत. लहान मुलाला समजवावं तसं म्हणाल्या, "तू केलंस तर ते नाटक कसं होईल? तू तर तीच आहेस."

तेव्हाच निघून यायला हवं होतं. नाही आले. तालमीच्या खोलीत बसायला मिळत होतं ना. तीन आठवडे मी शुभाला आईची चाल शिकवली. आईचं बोलणंही शिकवलं. वर्गात मी पानी म्हटलं की बाई पट्टी उगारायच्या. शुभानं पानी म्हटलं की म्हणायच्या, वा, काय अभिनय आहे.

आणि घरी मी खोटं बोलले. आईला सांगितलं, मीठवालीचं काम मला मिळालंय, तुझं लुगडं नेसणार आहे. आईनं लगेच काढून दिलं. धुते म्हणाली, मी धुऊ दिलं नाही. शाळेत शुभानं ते दोन बोटांनी उचललं. नाकाला रुमाल लावला. सगळ्या पोरी हसल्या. मी तिला कासोटा घालून दिला.

संमेलनाला आई येईल असं वाटलं नव्हतं. तिनं अर्ध्या दिवसाचा खाडा करून शेजारच्या काकीला बरोबर आणलं. पुढं खुर्च्या, मागं सतरंजी. दोघी सतरंजीच्या कडेला बसल्या. मी पडद्याच्या फटीतून त्यांना पाहिलं.

मीठवाली आली. पदर डोळ्यांपर्यंत, डोक्यावर पाटी. लुगडं आईचं, चाल आईची. आईला वाटलं, मीच. तिनं काकीला कोपर मारलं. तिचा चेहरा इतका उजळलेला मी आधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

शुभानं चाल वाढवली. कंबर जास्त हलवली, पाय आणखी फाकले. लोक खुर्च्यांतून वाकून वाकून हसले. मग ठरल्याप्रमाणं पाटी पडली, पदर सुटला, शुभाचं तोंड दिसलं.

आईनं मला सगळ्या स्टेजवर शोधलं. एकदा, दोनदा. मग तिची नजर लुगड्यावर थांबली. खुर्चीतली मालकीणबाई तेवढ्यात मागं वळून तिला काही म्हणाली. काय म्हणाली ते काकीनं नंतर सांगितलं. "बघ गं, आमच्या पोरीनं कशी तुझी नक्कल केलीय."

आई हसली. हात जोडून हसली.

घरी जेवताना तिनं फक्त एकदा विचारलं, "मी अशी चालतंय का गो?"

मी भात चिवडत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून आई रस्त्यानं टाच टेकून चालायला लागली. शाळेसमोरून जाताना तर अगदी सरळ. घरी येऊन पाय पुढं करून बसायची. भेगांतून रक्त आलेलं असायचं. मी पुसायला गेले की पाय ओढून घ्यायची.

महिनाभरानं नाटक तालुक्याच्या स्पर्धेत जायचं ठरलं. बाईंनी मला शिक्षकांच्या खोलीत बोलावलं. लुगडं परत आण, शुभाची चाल बिघडलीय, दोन दिवस शिकव.

मी म्हटलं, "लुगडं आईच्या अंगावर आहे. ते मिळणार नाही. चालही मिळणार नाही."

बाई म्हणाल्या, अगं, तुझ्या आईचं कौतुकच झालं ना? ती स्वतः हसत होती.

मी म्हटलं, मग मालकीणबाईंचंही कौतुक करू. आणि केलं. तिथंच, खुर्चीत बसून. पदरानं वारा घेत, मान न वळवता नुसती हनुवटी मागं फिरवून. मग उठले आणि बाई केल्या. मालकीणबाईंसमोर वाकलेल्या बाई. गणिताचे सर चहा पिता पिता फिस्सकन हसले. बाईंनी पट्टी घेतली. दोन्ही हातांवर, पट्टी मोडेपर्यंत.

मॅट्रिक होईपर्यंत मला स्टेजवर पाय ठेवू दिला नाही. मी केलेल्या नकलेचा निरोप मालकाच्या घरी गेला. तिथून मुकादमाकडं, मुकादमाकडून आईकडं. त्या दिवशी आईनंही मला मारलं. "त्यांच्या आगरावर जगतो आपन," म्हणत मारलं आणि मारता मारता खाली बसली.

स्पर्धेत नाटकाला पहिलं बक्षीस मिळालं. लुगडं दुसरीकडून आणलं. चाल शुभाला येतच होती. एकदा दिलेली चाल परत घेता येत नाही. ती मी दिली. हे मी कुणावर ढकलत नाही.

आज मी बी.ए. आहे. आमच्या घरात पहिली. नाटकं लिहिते, करते. आई अजून मिठागरावर जाते. लोक विचारतात, तुम्ही तुमच्या माणसांचं दुःख का दाखवत नाही? नाही दाखवणार. आमच्या फुटक्या टाचा आता कुणाला बघायला मिळणार नाहीत. ज्यांच्यामुळं त्या फुटल्या, ते कसे बसतात, कसे बोलतात, कशी हनुवटी फिरवतात, ते दाखवणार. त्यांच्याच गावात, ते पहिल्या रांगेत बसलेले असताना. हसायचं की नाही, ते त्यांनी ठरवावं.