जिजीची पाण्याची हाक

आधी माझी चूक सांगतो, अनुभव नंतर. भूत, आत्मा असलं काही मी कधीच मानलं नाही. शेंद्र्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत सव्वीस वर्षं मेंटेनन्सला आहे. बिघाड झाला की कारण सापडतंच, असं समजणारा माणूस. म्हणून हे लिहिताना जड जातंय.

जिजी म्हणजे माझी आई. चितेगावची. पंधराव्या वर्षी लग्न होऊन या शहरात आली, चाळिशीच्या आत विधवा झाली. गोधड्या शिवून आम्हा चार भावंडांना वाढवलं, दोन नणंदांची लग्नं लावली. गल्लीतल्या निम्म्या पोरांना पहिली आंघोळ तिनंच घातली. शहाऐंशी वर्षं जगली, पणतू मांडीवर खेळवला.

आणि एक काम कायम तिचंच – पाण्याची हाक. आमच्याकडे नळाला पाणी यायला आठवडा सहज उलटतो, आणि वेळेचा भरवसा नाही. गल्ली उताराची, आमचं घर सगळ्यात खाली, म्हणून पाणी आधी आमच्याकडे. पाइपात हवा सूं-सूं करायला लागली की जिजी ओट्यावरून ओरडायची, "पाणी आलं गंऽऽ!" भिंतीपलीकडून नसरीनभाभी, "आ रई जिजी!" मग गल्लीभर नळ उघडायचे.

शेवटच्या वर्षी तिचा मेळ चुकायला लागला. दोन-तीनदा कोरड्या नळावर हाक दिली. लोक हसले. मला लाज वाटायची...

त्या दिवशी फर्स्ट शिफ्ट करून नुकताच आडवा झालो होतो. "पाणी आलं गंऽऽ!" वर पाणी चढेपर्यंत पहिला हंडा आमच्याच नळावर, म्हणून बायका आमच्या दारात जमल्या. मी नळ फिरवला – थेंब नाही. पाटलीणकाकू म्हणाल्या, "जिजी, सपनात आलं व्हय?" सगळ्या हसल्या. आणि त्यांच्यासमोर मी आईवर ओरडलो, "गप बस आता! साऱ्या गल्लीला येड्यात काढायलीस."

"आवाज आलता रे बापू... पाइपात," एवढंच म्हणाली. आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजली.

पंधरा मिनिटांनी भाभी भिंतीवरून म्हणाल्या, "भाईजान, पानी आया ना! जिजी सच बोल रए थे."

तेव्हा आठवलं. पहाटे ड्युटीला निघायच्या आधी गळका जॉइंट आवळायला मीच मीटरजवळचा कॉक बंद केला होता, तो तसाच राहिला. गुपचूप जाऊन उघडला. भाभींना म्हणालो, "तुक्का लागला हो." जिजीनं ते ऐकलं.

त्यानंतर तिनं हाक दिली नाही. नळ वाहत असला तरी गप्प बसून राहायची. मी रोज ठरवायचो, उद्या सांगू. तीन आठवड्यांनी ती गेली. झोपेतच.

तेराव्याला घर पाहुण्यांनी भरलेलं. जेवणं उरकली, खरकट्याचा ढीग पडला, टाकी रिकामी. दुपारचे साडेतीन झाले होते. पाण्याची पाळी अजून चार दिवस लांब. मी थकून ओट्यावर बसलो होतो, आणि हाक आली.

"पाणी आलं गंऽऽ!"

भास म्हणावा, तर भिंतीपलीकडून भाभी सवयीनं ओरडल्या, "आ रई जिजी!" आणि एकदम गप्प झाल्या. माझी बायको सुनीता भांडी घासायची सोडून राखेच्या हातांनी दारात आली. "तुम्हीपण ऐकलं?"

तेवढ्यात पाइपात हवा सूं-सूं करायला लागली.

पाणी सोडणारा लाइनमन दुसऱ्या दिवशी शपथेवर म्हणाला, "साहेब, तुमच्या व्हॉल्व्हला मी हातच लावला नाय." पाणी कुठूनतरी आलं असेल, मानतो. पण तिघांनी ऐकलेली हाक? तिचं कारण मला आजही सापडलेलं नाही.

त्या दुपारी बायका हंडे घेऊन पुन्हा आमच्या दारात आल्या. कुणी हसलं नाही. पाटलीणकाकूंनी पदर तोंडाला लावला. मी वाहत्या नळाशी खाली बसलो. इतके दिवस उद्यावर ढकललेलं त्या सगळ्यांसमोर बोललो –

"जिजी, त्या दिवशी पाणी आलं होतं. कॉक मी बंद ठेवला होता. तू खरं बोलत होतीस... चुकलं माझं, माय."