आईच्या पायांतलं बळ

आई चौऱ्याहत्तर वर्षांची असताना एकदा न्हाणीतल्या पाटावरून तिला उठताच येईना. मी काखेत हात घालून उठवलं, तेव्हा तिची मांडी माझ्या हाताला लागली आणि मी दचकले. कातडीच्या आत काही उरलंच नव्हतं.

आमच्या रायपूरच्या घरी फिजिओथेरपीवाली एक मुलगी आली. टेपने मांडी मोजून म्हणाली, "दीदी, मसल कम हो रहा है. रोज़ उठाना-बैठाना पड़ेगा, नहीं तो बिस्तर पकड़ लेंगी."

पण व्यायामाचं नाव काढलं की आई भडकायची. "जन्मभर विहिरीचं पाणी ओढलं मी. आता काहून उठाबशा काढू?"

मग त्या मुलीनेच टीव्हीला जोडायचा खेळ सुचवला. टीव्हीवरचा कॅमेरा आपल्याला बघतो आणि आपण हलू तसं पडद्यावर घडतं. खुर्चीतून उठलं-बसलं की नदीतली होडी पुढे जाते, हात उंच केला की झाडावरचं फळ टोपलीत पडतं. पहिल्या दिवशी आई तीनदा उठली आणि होडी काठालाच अडकली. "मले नाही जमत," म्हणून तिने तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी मात्र मी नवा रायपूरहून ऑफिस करून घरी आले, तर ती पदर खोचून खुर्चीत तयार बसलेली. "लाव ते होडीचं."

दीड वर्ष आम्ही रोज संध्याकाळी खेळलो. ती जिंकली की टाळ्या पिटायची, हरली की कॅमेऱ्याला शिव्या द्यायची. ब्राह्मणपाऱ्यातल्या आमच्या घराचा जिना ती कठडा न धरता चढू लागली. फिजिओथेरपीवाली मुलगी टेप लावायची आणि माझ्याकडे बघून हसायची.

त्याच काळात तिची स्मृती उतरत चालली होती. वरणात दोनदा मीठ पडायचं. मला कधी ती आपली बहीण समजायची. मी ते बघितलं आणि म्हातारपण म्हणून सोडून दिलं. पाय चांगले होते ना!

एका दुपारी ऑफिसात अनोळखी नंबरवरून फोन आला. "दीदी, भनपुरी से बोल रहा हूँ, चाय की दुकान है मेरी. एक अम्मा बैठी हैं, थैली में आपका नंबर लिखा था." मी टॅक्सी केली. ट्रकांच्या रांगेपाशी, धुळीत, बाकावर आई बसली होती. बाबा तिथल्या ट्रान्सपोर्टच्या कचेरीत हिशेबनीस होते, त्यांना जाऊन बारा वर्षं झाली होती. आई घरून शहराच्या त्या टोकापर्यंत चालत आली होती. वाटेत कितीतरी रस्ते, किती गाड्या.

"त्याहिची सुट्टी झाली नाही अजून," ती मला म्हणाली. "तू काहून आली?"

पुण्यातल्या भावाला कळवलं. तो घाबरला होता आणि ओरडत होता. "ताई, तूच तिला तयार केलंस. काय गरज होती त्या खेळाची? बंद कर ते आधी. पाय चालले नाहीत तर ती घरात तरी राहील!"

मी त्याच संध्याकाळी वायर काढली आणि यंत्र कपाटात ठेवलं.

आई रोज विचारायची, "लावत काहून नाही?" मी सांगायची, "बिघडलं." ती खुर्चीत बसून बंद टीव्हीसमोर एक-दोनदा उठायची, बसायची, मग थांबायची. महिनाभराने तिने विचारणं सोडलं. खरं सांगायचं तर मलाही सुटल्यासारखं झालं होतं. ऑफिसातून आल्यावर पंख्याखाली पाय पसरून बसता येत होतं. तिचे पाय थकत चालले होते, दार सताड उघडं राहिलं तरी आता भीती नव्हती.

सात-आठ महिन्यांत ती पुन्हा न्हाणीत अडकली. मग पलंगावरून उठेना. फिजिओथेरपीवालीला बोलावलं. तिने मांडीला टेप लावली आणि आकडा न सांगता गुंडाळून ठेवली. "खेल कब बंद किया?" मी सगळं सांगितलं. ती थोडा वेळ आईचा पाय दाबत राहिली. मग हळूच म्हणाली, "दीदी, दरवाज़े में ऊपर एक कुंडी लगवा लेतीं."

एवढं साधं होतं, दाराला वर एक कडी. ते मला सुचलं नाही.

मी यंत्र काढून पुन्हा जोडलं, पलंगापासून दिसेल असा टीव्ही फिरवला. आईने फळांकडे बघितलं. उजवा हात गादीवरून वीतभर उचलला, परत खाली ठेवला. "राहू दे वं," ती म्हणाली. "दमली मी." हिवाळा संपता संपता न्यूमोनिया झाला आणि ती गेली.

तेराव्याला पाहुणे जेवून उठल्यावर भाऊ माझ्याशेजारी येऊन बसला. मग म्हणाला, "ताई, मी त्या दिवशी रागात बोललो होतो गं. तू खरंच बंद करशील असं वाटलं नव्हतं."

मला त्याच्यावर रागावता आलं असतं. पण वायर मी काढली होती, आणि बिघडलं असं खोटंही मीच सांगितलं होतं. "हव," एवढाच होकार मी दिला, आणि निघालेल्या पाहुण्यांना पोचवायला खाली गेले.