तोंडात पाणी धरून केलेली मॅट्रिक

धुळ्याच्या परीक्षेच्या हॉलमध्ये मला पहिल्यांदा कळलं, की गप्प बसून मला काहीच आठवत नाही...

ही स्वातंत्र्याच्या एक-दोन वर्षं आधीची गोष्ट. तेव्हा कॉलेजची एन्ट्रन्स म्हणजे मॅट्रिक. आता घरात पणतीच्या टेस्ट सिरीज आणि स्कोअरची चर्चा चालू असते, ती ऐकून हे सगळं वर आलं. मी सांगतोय आणि तीच टाइप करतेय.

आम्ही पारोळ्याचे. माझा अभ्यास म्हणजे गोठ्यात येरझाऱ्या घालत मोठमोठ्याने घोकणं. इतकं मोठ्याने की गल्लीतल्या बायकांनाही पानिपतच्या पराभवाची कारणं पाठ झाली असावीत. बैल तर माझ्याआधी पास झाले असते.

पण हॉलमध्ये बैल नव्हते, सुपरवायझर होते. इतिहासाचा पेपर हातात आला आणि मी सवयीने पुटपुटायला लागलो. ते बाकाशी येऊन म्हणाले, "ओठ हलवू नकोस. शेजारचा ऐकतोय." मी तोंड मिटलं... आणि तोंडाबरोबर डोकंही मिटलं. पुढच्या पेपरांना तर ते समोरच उभे आहेत असं वाटायचं.

निकाल लागला. नापास.

सगळ्यांनी सल्ले दिले. कुणी म्हणालं पहाटे उठ, कुणी म्हणालं बदाम खा, मास्तर म्हणाले गाइड बदल. अडलंय कुठे ते मी कुणाला सांगितलंच नाही, लाज वाटायची. वडिलांना आम्ही नाना म्हणत असू. त्यांनी एकच वाक्य सांगितलं, "आखो एक डाव बस. मंग जीनमा लागी जा." म्हणजे परीक्षेला आणखी एकदाच बसायचं, नाही जमलं तर जीन, कापसाची जिनिंग. तिथल्या मालकांशी त्यांचं कारकुनीचं बोलणंही झालं होतं. मला कॉलेजात जायचं होतं... फार जायचं होतं.

आमच्याकडे अक्का असायची. नानांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा झालेली, सासरी काही वर्षं काढून माहेरी परत आलेली. बोलणं मोजकंच. चातुर्मासात तर ती मुक्याने जेवायची, भाजी हवी असली तरी बोटाने दाखवायची.

एकदा दुपारी नाना झोपले होते म्हणून मला आवाज न करता वाचायला सांगितलं होतं. मी नुसती पानं उलटत बसलो. अक्का समोर डाळ निवडत होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "व्हट हालतस तवयच तुले याद येस का रे?"

मास्तरांना कळलं नाही ते हिला कसं कळलं, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही. मी मान हलवली. ती उठली, पाण्याचा तांब्या आणला. "तोंडमा पानी धर. गिळानं नही. आते वाच."

पहिले काही दिवस नुसती फजिती. कधी पाणी गिळून टाकायचो, कधी ठसका लागायचा. एकदा तर हिंदुस्थानच्या नकाशावर असा फवारा उडाला की गंगा-यमुना खरोखरच वाहायला लागल्या. अक्काला वाचता येत नव्हतं, पण ती माझ्या गळ्याकडे बघत बसायची. गळा जरा हलला की डाळीतला खडा अंगावर यायचा.

मग हळूहळू ते जमायला लागलं. आतल्या आत वाक्यं उमटायला लागली. आधी तुटक, मग सलग. तोंडात पाणी धरून मी पाटीवर अख्खं उत्तर लिहायचो आणि झालं की परसातल्या मिरचीला चूळ. त्या वर्षी मिरची चांगली आली.

पुन्हा धुळं, पुन्हा तसलाच हॉल. सुपरवायझर दुसरे होते, पण तेही नेमके माझ्याच बाकाशी थांबले. मी मान खाली घालून लिहीत राहिलो. तोंडात पाणी नव्हतं, तरी ओठ मिटलेले आणि आत सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. ते कधी पुढे गेले ते मला कळलंही नाही.

या वेळी पास झालो. ज्या इतिहासात गटांगळ्या खाल्ल्या होत्या, त्यातच सगळ्यांत जास्त मार्क. नाना स्वतः पेढे घेऊन आले, जिनिंगचं नावही काढलं नाही.

पहिला पेढा घेऊन मी अक्काकडे गेलो. पाया पडलो आणि सहज विचारलं, की ही पाण्याची युक्ती तुला कुणी शिकवली?

ती म्हणाली, "कोनी नही. नवरा गया तवय मी धाकलीच व्हतू. सकायमा मना आवाज कानवर पडाले नको, आशे सासरना लोके म्हनेत. तवय मी तोंडमा पानी धरीसन काम करू, चुकीसन बोली जावाले नको म्हनीसन. मंग मी मनमाच बोलाले लागनू."

सकाळी सकाळी विधवेचा आवाज ऐकणं तेव्हा अपशकुन मानत. मी विचारलं, की मनात काय बोलायचीस?

"काय बोलसू? आज भाजी खारट व्हयनी. गायले गोऱ्हा व्हयना. मायले बरं शे का नही..." असं म्हणून ती हसली.

मी ज्याला युक्ती समजत होतो, ती तिने अशी शिकली होती. माझे मार्क वाढले, मी कॉलेजात गेलो, पुढे नोकरी, घरदार सगळं झालं... पण त्याची किंमत माझ्या जन्माच्या आधीच तिने मोजून ठेवली होती. मला वाईट वाटलं आणि तिचा फार अभिमानही वाटला.

बाहेरून नाना पेढे वाटायला हाका मारत होते. मी गेलो नाही. अक्का सासरच्या गाईबद्दल सांगत होती, ती कशी मारकुटी होती आणि फक्त हिलाच कशी जवळ येऊ द्यायची... हे तिने याआधी कुणालाच सांगितलं नव्हतं.