कानसेनांनी पास केलेली इंजिनं

माझे भाऊजी तीस वर्षं ट्रक चालवतायत आणि तितकीच वर्षं सगळ्यांना अक्कल शिकवतायत. ट्रकअड्ड्यावर त्यांना कानसेन म्हणतात. जुनं इंजिन घ्यायचं असलं की लोक आधी त्यांना घेऊन जातात. ते लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवतात, मूठ कानाला लावतात आणि ‘घे’ नाहीतर ‘सोड’ एवढंच सांगतात. पूर्वी ऐकताना डोळे मिटायचे, हल्ली उघडे ठेवतात. मला वाटलं, वयाबरोबर भाव वाढलाय. मी मेकॅनिक असून गप्प बसायचो, कारण ताईचा नवरा पडला.

गेल्या मंगळवारी चढावर त्यांच्याच ट्रकचं इंजिन गेलं. आतला रॉड तुटून इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे बाहेरचं ओतीव कवच, फोडून बाहेर आला. भरलेली गाडी मागे घसरत गेली आणि दगडी कठड्याला टेकून थांबली. कठड्यापलीकडे किती खोल आहे ते ताईला आम्ही अजून सांगितलेलं नाही. ब्लॉकच फुटल्यावर दुरुस्ती कसली, आणि नवं इंजिन आवाक्याबाहेर. राहिलं जुनं.

पण एक गोष्ट मला झोपू देत नव्हती. रॉड असा अचानक तुटत नाही, आधी बरेच दिवस ठोके देतो. कानसेनांना ते ऐकू कसे आले नाहीत? विचारलं तर म्हणाले, “चांगलं होतं रे इंजिन,” आणि चहा मागवला.

भंगारवाल्याच्या आवारात दोन इंजिनं लोखंडी स्टँडवर होती. मालक बाहेर गेला होता. चालू करून दाखवायला राखणदार होता, त्याला इंजिनातलं ओ की ठो कळत नव्हतं.

पहिलं सुरू झालं. खालून सरळसरळ ठोके येत होते. भाऊजींनी स्क्रू ड्रायव्हर लावला आणि राखणदाराकडे टक लावून पाहिलं. तो मोबाइलमध्ये गुंग. मग माझ्याकडे पाहिलं. मी नुसता थिजून उभा.

“हेच घेऊ,” भाऊजी म्हणाले. “गोड चालतंय.”

मी इंजिन बंद करायला लावलं. भाऊजींच्या मागे जाऊन मुद्दाम म्हटलं, “ताई आलीय.” ते वळले नाहीत. जरा मोठ्याने म्हटलं, तरी नाहीत. हा माणूस रोज भरलेली गाडी घेऊन रस्त्यावर असतो.

शेवटी वळले तेव्हा माझं तोंड बघूनच त्यांना कळलं.

“कधीपासून?” मी विचारलं.

“दोन वर्षं झाली. मोठा आवाज येतो, त्याच्या आतले येत नाहीत.” त्यांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. “लायसन जाईल म्हणून बोललो नाही. मला दुसरं येतं काय?”

“मग लोकांची इंजिनं कशी पास केलीत?”

“विकणाऱ्याचं तोंड बघून. माल खराब असला की तो इंजिनाकडे बघत नाही, आपल्याकडे बघतो. आज मालकच नाही.”

दुसरं इंजिन मी ऐकलं. स्वच्छ होतं. तेच बाजूला काढून ठेवायला सांगितलं. मला वाटलं, संपलं. भाऊजी मात्र टायरवर बसून बोटांवर मोजत होते.

“दोन वर्षांत पाच इंजिनं,” ते म्हणाले. “चार गाड्या इथल्या इथे फिरतात, त्या उद्या बोलावून तू ऐक. पाचवं धाकट्याला घेऊन दिलंय.”

धाकटा म्हणजे त्यांचा सख्खा भाऊ. इंजिन त्याने दुसऱ्याच गॅरेजात बसवलं होतं, मी कधी ऐकलंही नव्हतं. सकाळी तो माल भरून निघाला होता, त्याच चढाच्या रस्त्याने.

भाऊजींनी त्याचा नंबर लावला. फोन कानाशी नेला आणि मग माझ्या हातात दिला.

“वाजतोय का बघ.”

वाजत होता. कोणी उचलत नव्हतं. भाऊजी माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि मी ते कोरं ठेवायची धडपड करत होतो.