पट्टी न बांधलेला बॅक

मल्लाप्पा गिरणीत आला तो मागासाठी नव्हे, पायांसाठी. बेळगावकडच्या एका मैदानावर त्याचा खेळ पाहून दूरच्या मोठ्या कानडी शहरातल्या, चामराजपेटजवळच्या गिरणीने त्याला उचलला, विणाईखात्यात नाव लावलं आणि फुटबॉलच्या संघात बॅक म्हणून उभा केला. बाकीचे खेळाडू हजेरी लावून सटकत. मल्लाप्पाला फुकटचा पगार गोड लागेना. तो परसू या जुन्या विणकराच्या शेजारी उभा राहून माग शिकला. तुटलेला धागा पहिल्यांदा नीट सांधला, तेव्हा परसू म्हणाला, "आता माणसात आलास."

पुढे १९५२ साली गिरणीत संप झाला. दरवाजासमोर बसलेल्यांवर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. परसूचं उजवं मनगट चेचलं. हा हात पुन्हा मागावर चालायचा नाही, हे डॉक्टरच्या आधी त्यालाच कळलं. संप मोडला. आणि लगेच फुटबॉल स्पर्धेच्या ढालीचा अंतिम सामना आला. समोर पोलिसांचा संघ!

मल्लाप्पाला कामगारांचा एकच कायदा ठाऊक होता. एकाला मारलं की सगळ्यांनी काम थांबवून हात खाली सोडायचे. मैदानावर कपडे बदलताना त्याने तेच सांगितलं. तेव्हा पोरं अनवाणी खेळत, गिरणीच्याच मांजरपाटाच्या पट्ट्या पायांना आवळून. सगळ्यांनी पट्ट्या जमिनीवर टाकल्या.

मग गिरणीचे साहेब तिथे आले. "जो खेळणार नाही, त्यानं उद्या कामावर येऊ नये," एवढंच बोलून गेले.

कप्तान मधुकर, शहरातल्या जुन्या मराठी घरातला, आधी वाकला. पट्टी उचलत आपल्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाला, "स्वल्प समजून घे रे. घरी खाणारी तोंडं आहेत."

"आणि परसूअण्णाच्या घरी काय, माकडं आहेत?"

एकेकाने पाय पुढे करून पट्टी गुंडाळली. मल्लाप्पाने नाही.

तो कुंपणाशी उभा राहून सामना पाहत होता. गिरणीतली सगळी माणसं आली होती. कित्येकांच्या डोक्याला अजून फडकी होती, तरी घसा फोडून ओरडत होती. पोलिसांचा गोल झाला तो मल्लाप्पाच्याच जागेवरून. तेवढ्या एका गोलाने गिरणी हरली.

"पळपुटा!" बाहेर पडताना एक जण त्याच्या पायांवर थुंकला.

तो तडक परसूच्या घरी गेला. परसूची बायको कृष्णाबाई दारातून बाजूला झाली, पण 'या' म्हणाली नाही.

"तुला सामना सोडून बसायला कुणी सांगितलं होतं?" परसूने विचारलं.

"तुझ्यासाठीच बसलो, अण्णा."

"बसणाऱ्याला काय मिळतं ते या हाताला विचार! साऱ्या गावादेखत त्यांना एकदा पाडायला मिळत होतं. तुझे पाय धड होते, भाड्या. धड होते."

परसूने भिंतीकडे तोंड फिरवलं, ते मल्लाप्पाकडे पुन्हा कधी वळलं नाही.

मल्लाप्पाची गिरणीतली नोकरी गेली. त्याने पुढची सगळी वर्षं बाजारात हमाली केली, आणि पोतं कधी आपटलं नाही. गिरणीचे जुने लोक भाजीला येत आणि एकमेकांना दाखवत, "हाच तो, ढाल घालवणारा." लाठ्यांचं नाव कोणी काढत नसे.

पाठीवर पोतं असताना मान वर करता येत नाही. ते उतरेपर्यंत माणसं पुढे गेलेली असत.