गावाकडून देव, नदीकडून सरकार

पूर ओसरला की घाटाच्या पायऱ्यांवर गाळ राहतो. तो खरवडून काढता येतो. पण त्याच्यासोबत जे किस्से साचतात ते निघत नाहीत! मी या घाटावर चार पावसाळे काढले. आता मित्रांमध्ये बसलो की कोणीतरी म्हणतोच, "अरे, तो खांबाचा सांग!" आता खांबाचा म्हणजे कुठला सांगू? एक आहे का!

आधी खांब कुठला ते सांगतो. बाघ नदी वैनगंगेला मिळते, त्याच्या थोडं वर आमचा घाट. पूल नाही, डोंग्यानं जायचं-यायचं. समुद्र इथल्या कोणी पाहिलेला नाही, पण भरती आमच्याकडेही येते. आश्विनात आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ असतं, काठावर कासाचं पांढरं गवत फुललेलं असतं, पावसाचा टिपूस नसतो आणि तरी बाघ चढायला लागते. वरून भरून आलेली वैनगंगा तिला पुढे जाऊ देत नाही, मागं ढकलते. लोक त्याला 'उलटं पानी' म्हणतात.

मी नागपूरला बी. ए. होऊन ढिवरटोल्याच्या नव्या शाळेत मास्तर म्हणून आलो होतो. वय तेवीस. स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली तरी देश सुधारला नव्हता, आणि मला घाई होती. घाटाला मी मनातल्या मनात फक्त दोन वर्षं दिली होती!

त्या वर्षी सरकारनं घाटाच्या उतारावर पंधरा फुटांचा सागवानी खांब रोवला. पांढरा रंग, त्यावर एक ते पंधरा असे काळे आकडे. सकाळ-संध्याकाळ पाणी कितीवर आहे ते बघायचं, चिठ्ठी लिहायची, शिपाई ती सायकलवरून गोंदियाला नेणार, तिथून खालच्या गावांना तार. काम मिळालं झिबलला. झिबल म्हणजे घाटाचा डोंगेवाला, वय पन्नाशीच्या पुढं. तो तसाही दिवसभर तिथंच असायचा.

पण ओव्हरसियर साहेबांनी अट घातली. "गिनती तो आती है, लिखना नहीं आता. तब तक चिट्ठी मास्टरजी लिखें. दसहरे के बाद मुआयना करूँगा. अंक लिखना आ गया तो ठीक, नहीं तो गोंदिया से बाबू आएगा."

बाबू म्हणजे काय, हे सगळ्यांना माहीत होतं. बाबू तिकडं गोंदियाजवळ फुलचूरला राहणार आणि रस्ता कोरडा असेल तेव्हा येणार. आणि पाणी येतं तेव्हा रस्ता कोरडा नसतो!

तीन वर्षांपूर्वी उलटं पाणी खालच्या टोल्यात, म्हणजे उतारावरच्या वस्तीत, कोणाला न सांगता शिरलं होतं. झिबलची धाकटी बहीण सगुणा एक रात्र आणि एक दिवस मोहाच्या झाडावर बसून होती. सोबत शेळी. ती आता हसत सांगते, "शेळी माह्यापेक्षा शहाणी. ते पयले चढली!" सगळे हसतात. झिबल हसत नाही. त्याला ही नोकरी का पाहिजे होती, ते मला तेवढ्यावरून कळलं.

* * *

मी झिबलपुढं पाटी ठेवली. ज्या हातानं तो पुरात डोंगा सरळ ठेवायचा, त्या हातात लेखण तीनदा मोडली.

"गुरुजी, येवढ्याशा पाटीवर येवढी मोठी नदी कशी मावंल?"

आठ दिवस गेले. एकाचा आकडासुद्धा आडवा पडायचा. मी चिडलो. "झिबलदादा, पोरं दोन दिवसांत शिकतात!"

"पोराईले कुठं डोंगा हाकलाचा आहे?"

नवव्या दिवशी मी शाळेकडं निघालो तर हा पठ्ठ्या वाळूत उभा, आणि डोंग्याच्या लांब बांबूनं वाळूवर लिहितोय. एक, दोन, तीन. प्रत्येक आकडा माणसाएवढा! एकदम सुरेख. मी नाचायचाच बाकी होतो. मग वाळूवरून अंगणात, अंगणातून भिंतीवर, भिंतीवरून पाटीवर, असे ते आकडे महिनाभर लहान होत आले.

एक दिवस त्यानं विचारलं, "अना अर्धा कसा लिवतात? पानी काही दरवेळी रेघेवरच थांबत नाई."

मला घाई होती. "अर्धा-पाव सोडा! सरकारला पुरे आकडे पाहिजेत."

"बरं," तो म्हणाला. पण हे 'बरं' त्यानं गाठीला बांधून ठेवलं होतं, हे मला पुढं कळलं.

* * *

लिहिणं यायच्या आधीपासून झिबलची स्वतःची एक पद्धत होती. डोंग्यात माणूस चढला की कोळशानं आतल्या फळीवर एक उभी रेघ. पलीकडे उतरला की रेघ पुसायची. शेवटी फळी कोरी पाहिजे.

मी म्हटलं, "हे कशाला? डोळ्यांनी दिसतातच की माणसं."

"दिसतात, गुरुजी. पन डोरा इसरते. फळी इसरत नाई."

* * *

श्रावणात पाणी नऊवर गेलं. मी चिठ्ठी लिहिली, शिपाई गेला, ऑफिसनं नदीपलीकडचा बाजार बंद केला. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे चिठ्ठी लिहून घ्यायला झिबल आलाच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी शाळेच्या छपराच्या गळतीत गुंतलो होतो. चौथ्या दिवशी शिपाई धापा टाकत आला. "साहब पूछते हैं, नदी अभी भी नौ फुट है क्या?"

आम्ही घाटावर गेलो. नदीत ढोपरभर पाणी, आणि म्हशी मजेत उभ्या!

"झिबलदादा, पाणी उतरलं ते सांगितलं काऊन नाही?" एव्हाना माझ्याही तोंडात 'काऊन' बसलं होतं.

त्याला माझाच प्रश्न कळेना. "उतरल्या पान्याची बातमी कोनाले पायजे? भेव होता तवा सांगतला. आता भेव गेला, तं तुमाले कायले तरास देऊ?"

त्या दिवशी मी त्याला अर्धा तास शासनव्यवस्था समजावली. त्यानं शांतपणे ऐकलं आणि शिपायाला म्हणाला, "साहेबाले सांग, भेव नाई."

* * *

सगळ्यात मोठा घोटाळा तुलारामभाऊंनी केला. तुलारामभाऊ म्हणजे काठावरचे पोवार शेतकरी, खांबाला लागूनच त्यांची धानाची बांधी. कोणीतरी उठवलं की सरकार खाली धरण बांधणार आणि जिथं खांब तिथपर्यंत पाणी भरणार.

तुलारामभाऊ घाबरले नाहीत. त्यांनी विचार केला. आणि भर दुपारी चार गडी, दोन बैल लावून खांब उपटला आणि उतारावरून खाली नेऊन नदीत आणखी आत, छान ठोकून, सरळ उभा केला. आता भरा म्हणावं तिथपर्यंत!

संध्याकाळी झिबलनं इमानदारीनं आकडा सांगितला. सकाळी एक, संध्याकाळी चार; एका दिवसात तीन फूट! मी इमानदारीनं लिहिला. गोंदियाला धावपळ, खालच्या गावांना तार, आणि दुसऱ्या दिवशी ओव्हरसियर साहेब दोन पोलीस घेऊन हजर. कोरडं ऊन, नदी होती तिथंच!

साहेबांचा आवाज चढला. "सरकारी खंभा हिलाया किसने?"

तुलारामभाऊ हात जोडून पुढं आले आणि आपल्या पोवारीत म्हणाले, "हललो कहाँ, साहेब? सरकारी खांब सरकारी नदीमाच से!"

यावर कुठल्या कायद्याचं कलम लावावं, ते पोलिसांनाही सुचलं नाही. खांब पुन्हा वर आला. बैल तुलारामभाऊंचेच होते.

* * *

भादव्यात पाणी दहापर्यंत चढलं, दहाच्या काळ्या आकड्याला टेकलं आणि मागं फिरलं. टोला वाचला. पाणी उतरल्यावर एका सकाळी बघतो तर खांब दिसेना! म्हणजे खांब होता, पण शेंदरात होता. हात पुरेल तिथपर्यंत शेंदूर, खाली नारळाची करवंटी, झेंडूची माळ. एक ते सहा आकडे गायब!

मी तावातावानं सगुणाकडं गेलो. अंधश्रद्धा, विज्ञान, नवा भारत, सगळं बोललो. तिनं शेळीला पाला घालत ऐकून घेतलं.

"गुरुजी, ज्याच्या आंगाले लागून पानी वापस जाते, तो देव नाई तं कोन आहे?"

"तो सरकारचा खांब आहे!"

"मंग सरकारच देव आहे म्हना. मले काय!"

आता शेंदूर खरवडावा तर बाया अंगावर येणार, न खरवडावा तर नोकरी जाणार. तोडगा झिबलनं काढला. आकडे तो डोंग्यातून वाचायचा, म्हणजे नदीच्या बाजूनं. त्या बाजूचा शेंदूर त्यानं स्वतः रॉकेलनं पुसला, बायांच्या देखत. गावाची बाजू तशीच ठेवली.

"भांडू नका," तो म्हणाला. "गावाकडून देव, नदीकडून सरकार."

मी चार वर्षं राज्यशास्त्र शिकलो. इतकी स्वच्छ वाटणी कुठल्याही प्रोफेसरला जमली नव्हती!

* * *

भूगोलाच्या पुस्तकात भरती-ओहोटीचा धडा होता. मी शाळेत शिकवत होतो आणि झिबल दारात बसून ऐकत होता. समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं, चंद्रामुळं. पोरांनी माना डोलावल्या. झिबल मात्र अस्वस्थ झाला.

"रोज?"

"रोज."

"दोनदा?"

"दोनदा."

त्यानं बोटांवर चारदा मोजलं. मग म्हणाला, "मंग तिथचा खांबवाला जेवते कवा?"

* * *

दसरा झाला. साहेब मुआयन्याला, म्हणजे तपासणीला, आले. चित्रा नक्षत्र, निळं आभाळ, अंगाला गोड लागणारं ऊन. साहेबांनी रजिस्टर उघडलं आणि झिबलच्या हातात पेन्सिल दिली. झिबलनं एक ते पंधरा आकडे काढले. जरा मोठे, पण एकही आडवा नाही!

"शाबाश," साहेब म्हणाले. "अब दोपहर का पानी लिखो."

झिबल डोंग्यात बसून खांबापर्यंत गेला. परत आला. सात लिहिलं. मग थोडा वेळ नदीकडं बघत राहिला आणि त्याच्या खाली, संध्याकाळच्या घरात, लिहिलं: अकरा.

साहेब भडकले. "ये क्या है? शाम हुई नहीं और शाम का पानी लिख दिया? ये झूठी एंट्री है!"

"झूट नाई, साहेब. पानी येऊन राहिला." त्यानं बोट दाखवलं. नदीवर पालापाचोळा आणि फेस तरंगत होता, आणि तो वरच्या अंगाला, उलटा चालला होता. "वर सालेकशाकडं पाऊस नाई, तिथून काही येत नाई. ही वैनगंगा ढकलून राहिली. मागं टोल्यात शिरला तवा असाच फेस होता, अना आता अकरा आहे तिथवरी पानी आला होता."

"तो शाम को देख के लिखते!"

"संध्याकाळी मी इथं नाई राहात, साहेब. खालच्या टोल्यातले मानसं आनाले जातो. म्हून आत्ताच लिवून ठेवलं. ड्यूटी राहाले नोको."

साहेबांनी घड्याळ काढलं. "मैं पाँच बजे तक यहीं बैठूँगा. ग्यारह नहीं हुआ तो कल से बाबू आएगा."

"बसा," झिबल म्हणाला. "पन बांधावर बसा. इथं भिजसाल."

तो गेला. साहेब बसले तिथंच बसले. मी शेजारी उभा. तुलारामभाऊ बांधावरून बघत होते. ऊन लख्ख पडलेलं, वारा नाही, आवाज नाही, आणि पाणी सरकत वर येत होतं, मांजरासारखं. आठ. साहेबांनी बूट मागं घेतले. नऊ. साहेब उठले. दहाला त्यांनी बूट हातात घेतले आणि तुलारामभाऊंनी त्यांना हात देऊन बांधावर ओढलं. झिबलच्या खेपांवर खेपा चालू होत्या. म्हातारी माणसं, पोरं, मडकी, कोंबड्या. पाच वाजले तेव्हा साहेबांनी स्वतः डोळे बारीक करून खांब बघितला. पाणी अकराच्या वर आणि बाराच्या खाली, बरोबर मध्ये होतं.

शेवटच्या खेपेला सगुणा उतरली, काखेत शेळी. तिनं आधी खांबाला हात जोडले. झिबलनं फळीवरची शेवटची रेघ पुसली. फळी कोरी होती. मग तो चिखलातून वर आला आणि साहेबांसमोर उभा राहिला.

"किती?"

"साढ़े ग्यारह," साहेब हळूच म्हणाले.

झिबलनं मान खाली घातली. "अर्ध्यानं चुकलो."

साहेबांनी रजिस्टर त्याच्यापुढं धरलं. "ठीक करो."

झिबलनं पेन्सिल घेतली, अकराशेजारी टेकवली आणि तशीच धरून ठेवली. "साहेब, अर्धा लिवाले येत नाई. गुरुजीनं शिकवलाच नाई."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी नदीकडं पाहिलं! मग ते, अनवाणी, चिखलात, झिबलच्या शेजारी बसले. त्याचा हात हातात घेतला आणि अकराच्या पुढं अर्ध्याच्या दोन उभ्या रेघा काढल्या. ११॥

झिबल त्या दोन रेघांकडं बघत राहिला. मग डोंग्याच्या फळीकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"बस, येवढंच? हे तं मले आधीपासून येते, साहेब! गुरुजीच उगाच टाइम घालवून राहिला होता!"