भावोजींचं डायलिसिस

डायलिसिस विभागात ती चौदा वर्षं टेक्निशियन होती. त्या शुक्रवारी दुपारी तातडीच्या विभागातून बेशुद्ध पेशंट आला, तो तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा निघाला. दोन वर्षांपूर्वी त्याने ताईला जिन्यावरून ढकललं होतं आणि ताई जिवानिशी गेली होती. तो जामिनावर बाहेर होता; आता खटल्याचा निकाल तोंडावर आला, तसा त्याने लिथियमच्या गोळ्यांची अख्खी बाटली घशाखाली घातली होती.

"हे औषध मशीन लावूनच रक्तातून काढावं लागेल," डॉक्टर म्हणाले. "पण तुमचं याच्याशी वैर आहे. दुसऱ्या कुणाला बोलावू?"

"नको. याला मीच वाचवणार."

तिने नळ्या जोडल्या आणि सहा तास खुर्ची सोडली नाही. रक्तदाब घसरला की ती दात-ओठ खात तो सावरायची. शरीरात मुरलेलं औषध पुन्हा रक्तात उतरलं, तेव्हा तिने दुसऱ्यांदा मशीन लावलं.

रविवारी त्याने डोळे उघडले. "तू? मरू द्यायचं होतंस मला."

"इतक्या सहज सोडते होय, भावोजी? कोर्ट वाट बघतंय."

दोन आठवड्यांनी त्याला जन्मठेप झाली. त्याची मान खाली जाईपर्यंत ती एकटक बघत राहिली.

बाहेर आल्यावर आईने विचारलं, "मशीन लावताना तुझ्या मनात काही आलं नाही?"

"आलं ना. दोनदा वाटलं, नळी चिमटावी."

"मग?"

"मग सुटला असता गं तो!"